दोन बँडमधली वीस मिनिटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

सहा रात्रींच्या आठवड्यावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण आपल्या एका आक्षेपामुळे मला माझाच लेख पुन्हा काढून तपासावा लागला. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या आठवड्यात चार रात्री मी इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या, बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत, एका बँडचे वादन संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतच्या वेळात, संगीत वाजवले आणि शुक्रवारी व शनिवारी डान्स नाइटचे पूर्ण सेट केले. आपले म्हणणे असे की, ज्या चार रात्री मंचावर खरे वादक होते त्यांच्यापेक्षा, दुसऱ्यांची गाणी वाजवण्यापलीकडे मी काहीच केले नाही त्या दोन रात्रींवर मी दुप्पट लिहिले. आज सिंकचे बटण दाबले की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते, मग यात कौशल्य ते कोणते. दोन बँडच्या मध्ये डीजे असतो तो केवळ आयोजकांना शांततेची भीती वाटते म्हणून. आणि तिसऱ्या रात्री वाजवलेल्या बँडची बोळवण मी एका वाक्यात केली.

बटणाविषयी आधी बोलते. ते बटण आहे आणि मी ते वापरते. यंत्रावर रचलेल्या, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत लय तसूभरही न हलणाऱ्या संगीतासाठी ते उत्तम आहे, कारण सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची एक समान अंतराची जाळी आखते आणि अशा दोन जाळ्या एकमेकींवर बसवते. पण इंडी बँडची पुष्कळशी ध्वनिमुद्रणे ठरलेल्या लयीत ठोके देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक कानात न घेता झालेली असतात. ध्रुवपद आले की ड्रमरच्या अंगात जोर चढतो, लय मिनिटाला एक-दोन ठोक्यांनी वाढते, आणि कडव्यात उतरताना पुन्हा थोडी सैल पडते. समान अंतराची जाळी तिथे खोटी ठरते. एका गाण्याची लय मिनिटाला 120 ठोके आणि दुसऱ्याची 121 असेल, तर आठ सेकंदांत दोघांच्या ठोक्यांत सुमारे 67 मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि ते कोणत्याही कानाला घोड्याच्या अडखळत्या टापांसारखे ऐकू येते. अर्ध्या मिनिटात एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध जाऊन पडतो. अशा वेळी एका कानावर हेडफोन, दुसरा कान सभागृहाकडे आणि बोटे गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पिचच्या पट्टीवर ठेवून, ड्रमर पुढच्या आवर्तनात काय करणार आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखे त्याच्याबरोबर चालावे लागते. 1979 साली आलेल्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर, वेग आठ टक्के कमी किंवा जास्त करता येतो. पण तबकडीचा वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढवला की गाण्याचा स्वर पूर्ण अर्ध्या स्वराने चढतो आणि गायकाचा गळा परका वाटू लागतो, म्हणून ती सगळी मोकळीक हाती असूनही तिच्यातला थोडाच भाग वापरायचा असतो. हे शिकण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अजूनही प्रत्येक सेटमध्ये एखादी सम चुकते.

गाणी दुसऱ्यांची असतात हे मात्र पूर्ण खरे आहे. ती दुसऱ्यांची आहेत म्हणूनच ती कोणी निवडायची या प्रश्नाला महत्त्व येते. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने 1977 च्या जानेवारीत उसन्या पैशांतून स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे, पहिली तबकडी काढली, तेव्हा पहिल्या खेपेला 1,000 प्रती छापल्या होत्या. एवढ्या थोड्या प्रती निघणारे संगीत त्या हजार घरांबाहेर पोचायचे, तर ते कोणीतरी निवडून चारचौघांत वाजवावे लागते. रेडिओ निवेदक जॉन पील यांनी 1967 पासून 2004 पर्यंत बीबीसी रेडिओ 1 वर नेमके हेच केले, आणि ज्यांना मोठ्या कंपन्यांनी दारातही उभे केले नव्हते अशा कितीतरी बँडना त्यांच्यामुळे पहिला श्रोता मिळाला. 1973 च्या ऑगस्टमधल्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पार्टीमुळे ज्याचे नाव आजही घेतले जाते त्या कूल हर्क या डीजेने, नाचणारे लोक गाण्यातल्या नुसत्या तालवाद्यांच्या तुकड्याची वाट पाहत असतात हे हेरले आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तुकडा लांबवत नेला. त्यातला एकही ठोका हर्कचा नव्हता. लोक कशाची वाट पाहत आहेत हे ऐकणारा कान त्याचा होता.

शांततेच्या बाबतीत आपण अर्धे बरोबर आहात. एका बँडचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच सभागृहावर दुसरे संगीत ओतणे हा मलाही अपराध वाटतो, म्हणून टाळ्या थांबून लोक आपापसात बोलू लागेपर्यंत मी काहीही वाजवत नाही. मंचावर त्या वीस मिनिटांत काय चाललेले असते तेही पाहायला हवे. पहिला ड्रमर आपल्या झांजा, स्नेअर आणि बासड्रमचे पेडल उचलतो, दुसरा आपले बसवतो, गिटारच्या केबली नव्याने जोडल्या जातात, आणि ध्वनिव्यवस्थापक एकेका माइकवर लाइन चेक घेत असतो, म्हणजे त्याचा आवाज नीट येतो का ते तपासत असतो. त्याला बासड्रमचा एकेक ठोका वेगळा ऐकू यायला हवा, म्हणून मी खालचे स्वर जवळजवळ काढून टाकते आणि पातळी इतकी खाली ठेवते की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावे. त्यामागे कानांचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे सुरक्षित मानली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमस्थळांसाठी घालून दिलेली मर्यादाही 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल आहे. बँड त्या मर्यादेच्या आसपास वाजवत असतील, तर मधली वीस मिनिटे कानांना विसावा देण्यासाठीच असतात, म्हणून त्या वेळात वाजणारे संगीत हळू आवाजातलेच हवे. पुढच्या बँडचे गाणे त्याच्याआधी कधीही वाजवायचे नाही, आणि त्याच्या पहिल्या गाण्याच्या लयीपेक्षा वेगवान असे काही शेवटी ठेवायचे नाही, हे दोन नियम मी स्वतःवर घालून घेतले आहेत. म्हणूनच मी बँडचा साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, दुपारी बसून ऐकते.

प्रत्यक्ष वादन आणि डान्स नाइट ही दोन वेगळी घराणी आहेत असे आपण गृहीत धरता, ते मला मान्य नाही. मँचेस्टरचा हासिएंडा हा क्लब 1982 मध्ये उघडला तो फॅक्टरी या स्वतंत्र लेबलच्या आणि न्यू ऑर्डर या बँडच्या पैशांवर. सुरुवातीच्या वर्षांत तिथे बँड वाजवत, आणि दशक संपता संपता तोच मजला हाउस या यंत्रावर रचलेल्या नाचाच्या संगीतासाठी ओळखला जाऊ लागला. बँडच्या तबकड्या विकून आलेला पैसा नाचणाऱ्यांच्या पायांखाली गेला, आणि त्या मजल्यावर ऐकलेला ताल पुढच्या बँडच्या ड्रमरच्या हातांत उतरला.

आता तिसऱ्या रात्रीविषयी. आपण लिहिलेत की मी तिथे अन्याय केला, आणि लेख पुन्हा वाचल्यावर मला तो आपल्याला दिसला त्यापेक्षा मोठा दिसला. त्या रात्री बास गिटार आणि ड्रम एवढ्याच दोन वाद्यांचा एक बँड होता. त्यांचे शेवटचे गाणे मिनिटाला सुमारे 140 ठोक्यांवर सुरू झाले आणि ड्रमरने ते शेवटच्या तीन मिनिटांत, एकही आवर्तन न मोडता, जवळजवळ 90 पर्यंत उतरवत आणले. उड्या मारणारे लोक आधी डोलू लागले, मग एकमेकांकडे पाहू लागले, आणि अखेर सगळे सभागृह एका संथ ठोक्यावर मान हलवत उभे राहिले. मी मिक्सरमागे हात खाली सोडून ऐकत होते. त्यानंतर मी काहीही वाजवले नाही. त्या एका रात्री आपली शांतताच योग्य होती, आणि ती मी पाळली.

शनिवारी मध्यरात्रीनंतर मी मिनिटाला 128 ठोक्यांवर धावणारा सेट दहा मिनिटांत 96 पर्यंत खाली आणला, लोक मजला सोडून गेले नाहीत, आणि माझ्या लेखातला सर्वांत लांब परिच्छेद त्या दहा मिनिटांवर आहे. लय उतरवत नेली तरी लोक सोबत येतात, हे मी तिसऱ्या रात्री त्या ड्रमरकडून ऐकले होते. लेखात ते माझे सुचणे असल्यासारखे आले आहे. दुसऱ्याच्या कामावर टाळ्या घेण्याचा आपला आरोप गाण्यांच्या बाबतीत मला मान्य नाही. या ठिकाणी मात्र तो पूर्णपणे लागू पडतो. मूळ लेखात आज मी तिसऱ्या रात्रीचा भाग नव्याने लिहून घातला आहे, आणि शनिवारच्या परिच्छेदाची सुरुवात आता त्या दोघांच्या शेवटच्या गाण्यापासून होते.

आपली,
लेखिका