ल्युबेककडून दोन गोष्टी उचलाव्यात: कुंपण आणि आवाज

चित्रपट महोत्सव म्हटलं की कान, बर्लिन, व्हेनिस ही नावं पटापट येतात. ल्युबेक कोणाच्या तोंडी येत नाही. उत्तर जर्मनीतलं हे जुनं बंदराचं गाव. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे बुधवार ते रविवार 'नॉर्डिशे फिल्मटागे' भरतं, म्हणजे उत्तरेकडच्या सिनेमाचे दिवस. फक्त नॉर्डिक आणि बाल्टिक सिनेमा दाखवणारा जगातला हा सर्वांत जुना महोत्सव. 1956 साली ल्युबेकच्या फिल्म क्लबमधल्या रोल्फ हिलर यांनी तो सुरू केला. 2024 मध्ये 66 वा झाला. हिशेबी माणसाच्या लगेच लक्षात येईल की आकडा तीनने कमी भरतो. मधली काही वर्षं महोत्सव झालाच नाही, आणि आकडा फुगवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मला हे आवडतं.

मुद्दा असा की या महोत्सवाला कुंपण आहे आणि त्यातच त्याची सगळी ताकद आहे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड. त्यांच्यासोबत ग्रीनलँड, फेरो बेटं आणि सामी लोकांचा मुलूख. सोव्हिएत संघ मोडल्यावर एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आले. शिवाय श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हॅम्बर्गच्या स्थानिक सिनेमाचा एक विभाग, कारण घरचं कार्य आणि घरच्यांनाच पान नाही असं कसं चालेल! बाकी जगाला दार बंद. इराणचा कितीही गाजलेला सिनेमा असो, कोरियाचा असो, इथे नाही.

हे कुंपण कोणी टेबलावर बसून आखलेलं नाही. ल्युबेक म्हणजे हान्से व्यापारी संघाचं मुख्य शहर. शेकडो वर्षं इथून जहाजं रिगाला, ताल्लिनला, बर्गनला जात होती. आजही शहराच्या त्राव्हेम्युंडे बंदरातून हेलसिंकी, माल्मो, लिएपायाकडे फेऱ्या सुटतात. शीतयुद्धात मात्र पूर्व जर्मनीची सरहद्द ल्युबेकच्या अगदी वेशीवर होती, श्लूटुप या उपनगरातच नाका होता. समोर तोच बाल्टिक समुद्र, पण त्याचा पूर्वेकडचा काठ बंद. म्हणून 1990 नंतर बाल्टिक देश कार्यक्रमात आले, तेव्हा नवे पाहुणे आल्यासारखं नव्हतं, जुने शेजारी परत आल्यासारखं होतं.

कुंपणाचा फायदा काय? आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. मोठ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आइसलँडचा एखादा सिनेमा येतो. बर्फ, मेंढ्या, एकटा म्हातारा असं काहीतरी आपण बघतो आणि 'आइसलँडचा सिनेमा असा असतो' म्हणून मोकळे होतो. ल्युबेकमध्ये त्याच वर्षीचे दोन-तीन शेजारी शेजारी बघायला मिळतात. एकात म्हातारा, दुसऱ्यात रेक्याविकमधली वात्रट पोरं, तिसऱ्यात नवराबायकोचं भांडण. मग कळतं की बर्फ हा त्या देशाचा स्वभाव नाही, फक्त हवामान आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसते. श्रेयनामावलीच्या आधी येणारी बोधचिन्हं मोजा. चार, पाच, कधी सात. या देशांची बाजारपेठ एवढीशी की एका देशाच्या पैशात सिनेमा सहसा उभा राहत नाही. नॉर्वेजियन कथा, स्वीडिश कॅमेरामन, डॅनिश संकलन, चित्रीकरण लिथुआनियात, असं सर्रास चालतं. 1990 मध्ये ऑस्लोत स्थापन झालेला नॉर्डिक फिल्म आणि टीव्ही निधी यातला मोठा सांधा आहे. त्याच्या आधीचा धडा स्वीडनचा. 1963 मध्ये हॅरी शाइन यांच्या पुढाकाराने तिकिटांवरचा करमणूक कर गेला आणि त्याऐवजी तिकिटाच्या किमतीतले दहा टक्के स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे जाऊ लागले. प्रेक्षकाचाच पैसा फिरून सिनेमाकडे. स्वीडनचा मोठा दिग्दर्शक बर्गमन पडद्यावर दिसतो, त्याच्या मागे असली आकडेमोड असते. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

बाल्टिक विभाग लोक 'वेळ मिळाला तर बघू' म्हणून मागे टाकतात. माझं मत उलटं आहे, सुरुवातच तिथून करावी. लाटव्हियाची माहितीपटांची परंपरा केवढी जबरदस्त आहे ते कळायला हर्झ फ्रांक यांचा 1978 चा दहा मिनिटांचा एकच माहितीपट पुरे. लहान मुलं बाहुल्यांचा खेळ बघताहेत. खेळ आपल्याला दिसतच नाही. युरिस पोडनिएक्स यांचा कॅमेरा मुख्यतः एका पोराच्या चेहऱ्यावर. भीती, हसू, रडू, सुटका, सगळं त्या एका चेहऱ्यावर, एकही कट न घेता. 35 मिमी फिल्मचं 300 मीटरचं रीळ साधारण 11 मिनिटं चालतं. म्हणजे जवळजवळ पूर्ण रीळ एका दमात, आणि चुकलं तर सगळं पुन्हा. त्याच देशातल्या गिंट्स झिलबालोडिस यांनी ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांजराचा एक संवादरहित सिनेमा केला आणि 2025 मध्ये लाटव्हियाला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं.

आता दुसरी गोष्ट, आवाज.

इथले बहुतेक सिनेमे मूळ भाषेत, इंग्रजी सबटायटल्ससह दाखवतात. मोठ्यांचं त्यात निभावतं. पण सात-आठ वर्षांच्या जर्मन पोराला डॅनिश कळत नाही, इंग्रजी वाचता येत नाही. सबटायटलचा जुना हिशेब असा की दोन भरलेल्या ओळी सहा सेकंद पडद्यावर राहाव्यात. तो हिशेब सराईत वाचणाऱ्याचा. मूल पहिली ओळ संपवेपर्यंत दुसरं वाक्य आलेलं असतं, आणि सगळा वेळ पडद्याच्या तळाशी बघण्यात जातो. डबिंग करावं तर महोत्सवात एक-दोनदा दाखवायच्या सिनेमासाठी तो खर्च परवडत नाही.

म्हणून बालचित्रपटांना ल्युबेकमध्ये माणूस बसतो. सिनेमा चालू असताना तो जर्मन संवाद माइकवर थेट वाचतो. मूळ आवाज खालून ऐकू येतच राहतो, त्यावर ही वाचणी.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात फसायला जागा भरपूर आहेत. आधी संवादयादी लागते, प्रत्येक वाक्याच्या वेळेसह. दीड तासाच्या सिनेमात अशी हजारभर वाक्यं सहज असतात. भाषांतर मूळ वाक्यापेक्षा लांब झालं की वाचणारा मागे पडतो आणि पुढच्या दृश्यात आधीच्या दृश्याचं बोलणं ऐकू येतं. तेव्हा भाषांतर शब्दाला शब्द करायचं नाही, कात्री लावायची. दुसरी चूक म्हणजे वाचणारा उत्साही निघणं. आईचा आवाज बारीक, राक्षसाचा घोगरा असं सुरू झालं की पोरं पडदा सोडून त्याच्याकडेच वळून बघतात. आवाज सपाट हवा, पण झोपलेला नको. अभिनय पडद्यावरचा नट करतोच आहे. तिसरी चूक विनोदाच्या वेळेची. वाचणारा अर्धा सेकंद पुढे गेला तर केळ्याच्या सालीवरून पाय घसरायच्या आधीच सभागृह हसतं आणि प्रत्यक्ष घसरतो तेव्हा शांतता. नेहमी किंचित मागे राहायचं, मूळ वाक्य सुरू झाल्यावरच तोंड उघडायचं. गाणी वाचायची नाहीत. तीन माणसं एकदम बोलत असतील तर गोष्ट पुढे नेणाऱ्याचंच वाक्य घ्यायचं.

हे सगळं ऐकून झाल्यावर मुलांची स्वतंत्र ज्युरी बक्षीसही देते. मुलांना सिनेमा कळला असेल तरच त्या बक्षिसाला अर्थ.

बक्षिसांचंच निघालं म्हणून सांगतो. मुख्य बक्षीस एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं, 12,500 युरोंचं. शिवाय प्रेक्षकांचं, कामगार संघटनांचं, चर्चचं, बाल्टिक समुद्राच्या नावाचं. जरा जास्तच होतात. आणि मालिकांचे पहिले एक-दोन भाग मोठ्या पडद्यावर दाखवायची जी पद्धत आलीय ती मला पटत नाही. वरण-भात वाढून भाजी घरी जाऊन खा म्हटल्यासारखं ते.

पडद्यामागच्या अडचणी मात्र सगळीकडे सारख्याच. आज सिनेमा येतो डीसीपीच्या, म्हणजे डिजिटल फाइलींच्या संचाच्या रूपात, कुलूप लावलेला. तो उघडायला केडीएम नावाची डिजिटल चावी लागते. ही चावी एका विशिष्ट प्रोजेक्टरच्या सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांपुरतीच असते. गर्दी वाढली म्हणून खेळ दोन नंबरच्या पडद्यावरून चारवर हलवला की चावी चालत नाही. वेळ ग्रिनिचची धरायची की स्थानिक, यात घोळ झाला तर चावी एक तास उशिरा उघडते आणि प्रेक्षक अंधारात बसून राहतात. उपाय एकच, आदल्या दिवशी त्याच पडद्यावर पहिली पाच मिनिटं चालवून बघणं. हा कंटाळा केला की फजिती ठरलेली. जुने मूकपट लावताना वेगळी गंमत. सेकंदाला 16 ते 20 चौकटींचा सिनेमा 24 ने चालवला की शोकांतिकेची सर्कस होते.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. हॅम्बर्गहून प्रादेशिक रेल्वेने पाऊण तास, डॉइचलँड तिकीट चालतं. स्टेशनपासून होल्स्टनटोअर या जुन्या वेशीच्या दोन बुटक्या बुरुजांवरून श्टाटहालेच्या मोठ्या सिनेमागृहाकडे पायी वीसेक मिनिटं. म्युनिसिपल सिनेमा 'कोकी' मेंगश्ट्रासेवर, म्हणजे जुन्या गावाच्या दुसऱ्या अंगाला. दोन खेळांत किमान पाऊण तास ठेवा, कारण दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं लांबतात आणि मधूनच उठणं वाईट दिसतं. शुक्रवार-शनिवार संध्याकाळ गुन्हेपटांनी आधी भरते. गुरुवारी दुपारी माहितीपट बघा, जागा मिळते. साडेचारला अंधार पडतो, तेव्हा गाव बघायचं तर सकाळी.

आणि महाराष्ट्रातल्यांसाठी. ल्युबेकचा महोत्सव फिल्म क्लबमधून उभा राहिला. आपल्याकडेही फिल्म सोसायट्यांची परंपरा आहे, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे. आपल्या महोत्सवांत जग सगळं येतं. पण तिसरी-चौथीतलं मराठी शाळेचं पोर तिथे नेलं तर त्याला इंग्रजी सबटायटल्सखेरीज काही मिळत नाही. 'मुलांना बाहेरचे सिनेमे आवडत नाहीत' हे त्यानंतर आपणच म्हणतो.

करून बघायला मोठं बजेट लागत नाही. वितरकाची परवानगी लेखी घ्या, थेट वाचन करणार हे त्यात स्पष्ट लिहा. 75 ते 85 मिनिटांचा, कमी बडबडीचा एक बालचित्रपट निवडा. संवादयादी मागवा, मराठी करा, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून घड्याळ लावा, लांबलं तर छाटा. 'तथापि', 'परंतु' काढून टाका, 'पण' पुरे. आकाशवाणीवर किंवा नाटकात काम केलेला एक माणूस घ्या, पूर्ण सिनेमासह दोन तालमी करा. त्याला शेवटच्या रांगेत बसवा, म्हणजे पडदा दिसेल पण तो कोणाला दिसणार नाही. दिवा असा लावा की उजेड फक्त कागदावर पडेल. मूळ आवाज किती खाली घ्यायचा ते रिकाम्या सभागृहात ठरवू नका, भरलेल्या सभागृहात माणसं आवाज शोषून घेतात. आणि संहितेला पिन मारू नका. सुटी पानं ठेवा, एका बाजूला छापलेली, म्हणजे पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये येणार नाही.