देवाला काय द्यायचं, हाच एक प्रश्न?

जालन्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या गाण्यांवरून दोन तट पडलेत. तरुणांना कीबोर्ड, ड्रम हवेत. वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतपुस्तक आणि तबला-पेटी. दोन्हीकडचे लांबलचक मेसेज मला इथे जर्मनीत, न्युरेंबर्गला येतात. तळमळ दोघांचीही खरी आहे. पण दोघेही भांडतात ते देवाला आपण काय अर्पण करायचं यावर. रविवारच्या उपासनेच्या त्या दीड तासात देव आपल्याला काय देतो, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते उपासना तिथूनच सुरू होते.

इथल्या लुथरन चर्चमध्ये निम्मी बाकं रिकामी असतात आणि गाण्याला आपल्याकडची रग नाही. पण पापकबुली झाली की पाळकबाई आमच्याकडे वळून, सावकाश, क्षमा जाहीर करतात. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, आम्ही वेदीभोवती अर्धगोलात उभे राहतो, ओंजळ पुढे करतो. भाकर ठेवताना त्या प्रत्येकाला म्हणतात, ‘ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं.’ प्रभुभोजन हे माणसाने देवासाठी केलेलं पुण्यकर्म नव्हे, देवाने माणसाला दिलेलं दान आहे, हे धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० मध्येच ठासून मांडलं होतं. आपल्या उपासनेतही पापकबुली आणि क्षमा आहेच, फक्त आपण ती एका दमात उरकतो. देणगीदारांची नावं मात्र रकमेसकट, सावकाश वाचतो.

अर्थात, इथे बसून हे बोलणं सोपं आहे. इथे बव्हेरिया राज्यात चर्चच्या सभासदांच्या आयकरावर आठ टक्के चर्चकर लागतो, त्यातून पाळकांचा पगार निघतो. मराठवाड्यात दुष्काळाच्या सालीही मंडळीलाच पोटाला चिमटा काढून खर्च भागवावा लागतो. वर्गणी मागावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या वर्गणीची सावली प्रभूच्या मेजावर पडते, याची. माझी मावशी प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेश संपला की चपला घालून निघायची. वर्गणी थकलेली, मुलाच्या दारूचा गावभर बोभाटा. ‘कोणत्या तोंडानं पुढं जाऊ?’ म्हणायची. वर ‘अयोग्य प्रकारे’ खाणाऱ्याला दंड आहे, हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन तिला पाठ. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा तो अकरावा अध्याय सबंध वाचा. पौल रागावलाय तो आधीच जेवून घेणाऱ्यांवर आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवणाऱ्यांवर. मावशीसारख्यांची तर तो बाजू घेतो! एकमेकांसाठी थांबा, म्हणतो.

लाजवल्या गेलेल्यांना मेजावर जागा देणं आपल्या भागाला नवं नाही. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, ब्राह्मण घरातल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, आणि तिथे आले ते प्रामुख्याने मातंग समाजातले लोक. गावाने ज्यांना पंगतीला बसू दिलं नव्हतं, त्यांना प्रभूच्या मेजावर जागा मिळाली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी लायकीच्या धास्तीने मागच्या दाराने निघून जावं, हे मला सहन होत नाही.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत ड्रमचा विषय निघेलच. त्याआधी एवढं ठरवा: देणग्यांची यादी नोटीस बोर्डावर लावा, क्षमेची घोषणा थांबून, लोकांकडे बघून करा, आणि प्रभुभोजनाआधी जे उठून जातात त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी त्याच आठवड्यात जावं. वर्गणीची वही न घेता.