चापडा झाडावरून उडी मारत नाही

पाऊस सुरू झाला की आंबोली, चोर्ला घाटात जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. सोबत हिरव्या सापाचा फोटो असतो आणि खाली मजकूर: ‘हा साप झाडावरून डोक्यावर उडी मारतो. सरड्यासारखा रंग बदलतो. चावला तर दहा मिनिटांत मृत्यू. ताबडतोब दोरी घट्ट बांधा. सापाचे इंजेक्शन घेतले की धोका टळला.’ फोटो मलबारी चापड्याचा आहे आणि तो विषारी आहे, एवढे खरे. बाकी सगळे चूक, आणि दोरीची सूचना तर अवयव गमावायला लावणारी.

‘उडी मारतो.’ चापडा शिकारीचा पाठलाग करत नाही, तो वाट बघतो. ओढ्याकाठच्या झुडपात, कमी उंचीच्या फांदीवर किंवा खडकावर शेपटीचा विळखा घालून तो रात्र रात्र एका जागी बसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याने त्याला अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब कळते; बेडूक, पाली, सरडेही तो खातो. सावज टप्प्यात आले की शेपूट फांदीला तशीच धरून फक्त पुढचे शरीर फेकतो. हा टप्पा साधारण शरीराच्या अर्ध्या लांबीइतका, म्हणजे 70 सेंटिमीटरच्या सापाला 35 सेंटिमीटर. माणूस जवळून गेला तरी बहुतेक वेळा तो हलतही नाही. दंश होतो तो न बघता फांदी धरली, झुडपात हात घातला किंवा खडकावर तळवा टेकला तेव्हा. म्हणून रात्रीच्या पायवाटेवर टॉर्च पायाशी मारून भागत नाही. हात टेकण्याआधी ती जागाही उजेडात बघायला हवी. सह्याद्रीत झाडावरून खरोखर झेपावतो तो उडता सोनसर्प. तो बरगड्या पसरून हवेत तरंगत खाली येतो, आणि त्याचे विष माणसाला धोकादायक नाही.

‘रंग बदलतो.’ एकाच जंगलात हिरवा, पिवळसर, तपकिरी, करडा असे वेगवेगळ्या रंगांचे मलबारी चापडे सापडतात, त्यातून हा समज झाला. ते वेगवेगळे साप असतात. एकच साप बघता बघता हिरव्याचा तपकिरी होत नाही. उलट, ‘चापडा म्हणजे हिरवा’ असे धरून बसलेल्या माणसाला शेवाळलेल्या खडकावरचा तपकिरी चापडा दिसतच नाही. हिरव्यांतही घोटाळा होतो. हरणटोळ दोरीसारखा सडपातळ, टोकदार तोंडाचा, दिवसा फिरणारा, डोळ्याच्या आडव्या बाहुलीचा. चापड्याचे डोके रुंद त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. बांबू चापडा हा त्याचा जवळचा भाऊबंद, तोही बहुधा हिरवाच.

‘दहा मिनिटांत मृत्यू.’ या सापाच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो. त्रास मात्र चांगलाच होतो: जळजळीत वेदना, बोटापासून वर चढत जाणारी सूज, कधी फोड. काहींच्या रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

‘दोरी बांधा.’ हे विष जिथे शिरते तिथल्याच मांसाची नासधूस करते. वरून आवळले की तिथला रक्तपुरवठाही तुटतो आणि बोट किंवा हात सडण्याची वेळ येते. चिरा देणे त्याहून वाईट, कारण रक्त गोठत नसेल तर ती जखम वाहत राहते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज चढण्याआधी काढावे. हाताला फळी किंवा गुंडाळलेले वर्तमानपत्र लावून तो हलणार नाही असा सैल बांधावा आणि थेट दवाखाना गाठावा. साप मारून नेऊ नये. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर पुरे.

‘इंजेक्शन घेतले की धोका टळला.’ भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. चापड्याचे विष त्यात नाही, त्यामुळे त्याचा हमखास उपयोग होईल असे धरता येत नाही. शिवाय त्याची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते. साप नेमका कोणता हे ठाऊक नसेल किंवा रक्त गोठत नसेल, तर ते द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतात. त्यासाठीची तपासणी साधी आहे: 2 ते 3 मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून सूज कमी दिसत असली तरी पहिले 24 तास रुग्णाला घरी नेऊ नये.