विहीर एक, सातबारे चार

‘ओपनबॉक्स टाका, 20 एमबी रॅममध्ये भागतं, मोठा डेस्कटॉप 800 खातो. 2 जीबीचा जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल. पटत नसेल तर एचटॉप उघडून बघा.’ सांगली-मिरज भागात शाळांचे जुने कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांत हे विधान फार फिरतंय. ओपनबॉक्स म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, विंडो मॅनेजर. मी तो स्वतः आवडीने वापरतो, आणि तो हलका आहेच. पण या पुराव्यावर शाळा निर्णय घेत असतील तर तो पुरावा नीट तपासायला हवा.

आधी एचटॉपचं, म्हणजे चालू प्रोग्रॅम आणि त्यांची रॅम दाखवणाऱ्या साधनाचं बघू. त्यातला ‘रेस’ रकाना प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, रॅममध्ये असलेली सगळी पानं (मेमरीचे तुकडे) दाखवतो आणि सामाईक लायब्रऱ्याही (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) प्रत्येकाच्या नावावर पूर्ण धरतो. चार भावांची सामाईक विहीर चौघांच्याही सातबाऱ्यावर असते, म्हणून शिवारात चार विहिरी होत नाहीत. प्रत्येकाचा हिस्सा चार आणे. एखाद्या लायब्ररीची 2 एमबी पानं चार प्रोसेस वापरत असतील, तर ‘रेस’च्या बेरजेत ती 8 एमबी होतात. हिश्श्याने वाटणी करणारा आकडा म्हणजे पीएसएस. त्यात प्रत्येकाकडे अर्धा एमबी येतो आणि बेरीज 2 च राहते. मोठ्या डेस्कटॉपमध्ये लहान लहान प्रोसेस पुष्कळ, त्यामुळे ‘रेस’ची बेरीज त्याच्याच बाबतीत जास्त फुगते. शिवाय जी पानं स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावरच्या राखीव जागेत, गेली ती ‘रेस’मधून गळतात. म्हणजे रॅमची ओढाताण चालू असतानाच प्रोसेस हलकी दिसू लागते!

तुलनाही बरोबरीची नाही. एका बाजूला नुसता विंडो मॅनेजर, दुसऱ्या बाजूला पॅनेल, फाइल मॅनेजर, नोटिफिकेशन, वायफायचं चिन्ह, सगळा संसार. ओपनबॉक्सवर मुलांना वायफाय लागतं, मराठी टायपिंगसाठी आयबस लागतो. ते चढवा आणि मग मोजा. स्वे आणि आयथ्री या दोन विंडो मॅनेजरांची तुलनाही अशीच फसते. स्वे हा वेलँड या नव्या पद्धतीवर डिस्प्ले सर्व्हरचं, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याचं, कामही स्वतःच करतो, तर आयथ्रीच्या मागे त्या कामासाठी एक्सॉर्ग हा डिस्प्ले सर्व्हर वेगळा उभा असतो.

खिडक्यांची चित्रं तर या हिशेबात येतच नाहीत. 1920 × 1080 च्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला 4 बाइट धरले, तर एका पूर्ण खिडकीचं चित्र 82,94,400 बाइट, म्हणजे जवळपास 8 एमबी भरतं. पिकॉमसारखा कंपोझिटर (खिडक्यांची चित्रं एकत्र करून पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) चालू केला की प्रत्येक खिडकीचं असं चित्र वेगळं साठवलं जातं. ते एक्सॉर्गच्या किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या खात्यावर पडतं, विंडो मॅनेजरच्या नाही. तीन मोठ्या खिडक्या उघडल्या की तेवढ्यानेच 20 एमबीच्या वर गेलं.

काही जण लिनक्सच्या ‘फ्री’ आज्ञेतला ‘युज्ड’, म्हणजे वापरलेल्या रॅमचा, आकडा दाखवतात. त्या रकान्याचं गणितच मध्ये बदललं आहे: आधी एकूण रॅममधून मोकळी, बफर आणि कॅश वजा करत, नव्या आवृत्त्यांत एकूण वजा ‘अव्हेलेबल’, म्हणजे नव्या प्रोग्रॅमना मिळू शकणारी रॅम. त्यामुळे दोन वेगळ्या डिस्ट्रोंचे (लिनक्सच्या प्रकारांचे) ‘युज्ड’ शेजारी ठेवून काही ठरत नाही.

राहिलं नव्यासारखं पळण्याचं. 2 जीबीच्या मशीनवर खरी रॅम ब्राउझर खातो. चार-पाच जड टॅब उघडले की विंडो मॅनेजर बदलून वाचवलेली रॅम त्यातच जाते. डेस्कटॉपभोवतीच्या अनावश्यक सेवा काढल्या तर फायदा होतो, पण तो सेवा काढल्याचा. तेवढंच काम मूळ डेस्कटॉप ठेवूनही बरंचसं होतं, आणि मुलांना सवयीचा मेनू पुन्हा शिकावा लागत नाही. झेडरॅम (डेटा दाबून रॅममध्येच ठेवण्याची सोय) चालू करणं किंवा जुन्या रॅमची एक पट्टी मिळवणं, याकडे मी आधी बघेन.

मोजायचंच असेल तर मशीन रीस्टार्ट करा, दोन्हीकडे तेच प्रोग्रॅम उघडा, तेवढाच वेळ थांबा आणि ‘मेमअव्हेलेबल’ची, म्हणजे वरच्याच ‘अव्हेलेबल’ची, नोंद घ्या. हा आकडा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 2014 पासून स्वतःच देतो. प्रोसेसनिहाय हिशेब हवा असेल तर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘स्मेम’ हे साधन चालवा आणि पीएसएसची बेरीज घ्या. एकदा मोजून थांबू नका, तीन-चार वेळा करा. आणि आकडा पुढे पाठवताना त्या वेळी ब्राउझर उघडा होता की बंद, एवढं तरी सोबत लिहा.