धरणाचं नाव काय?

कादंबरी हातात घेतली की पहिल्यांदा ती खरी आहे की खोटी याचा निकाल लावून टाकावा. त्याशिवाय पान उलटू नये. तीनशे पानं जीव टांगणीला लावायचा आणि मग कळायचं, की हे सगळं त्या माणसाने घरी बसून रचलंय. मनस्ताप नुसता.

समजा, कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ तुमच्याकडे आली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यापासून ती कुणाकडेही येऊ शकते, बेसावध राहू नका. धरणासाठी गाव उठतं, माणसं दुसरीकडे वसवली जातात, म्हैस मागे राहते आणि तिला आणायला एकजण त्या सोडलेल्या मुलखात परत जातो. म्हैस एव्हाना रानाची झालेली असते. आता माणूस आणि जनावर यांच्यात तिथे जे काही चालतं, त्यात अजिबात गुंतायचं नाही. आपला प्रश्न एकच: धरण कुठलं? मोबाइलवर नकाशा उघडा, लेखकाचा जिल्हा शोधा आणि बोट सरकवत जवळच्या निळ्या डागापर्यंत जा. धरण सापडलं, कादंबरी संपली. उरलेली पानं घरात कुणी रिकामटेकडं असेल त्याच्यासाठी ठेवा.

ही पद्धत माझी नाही, मी ती एका कार्यक्रमात शिकले. लेखकाशी गप्पा होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. हातातल्या कागदावर आकडेमोड होती. म्हणाले, “तुम्ही दिलेल्या उंचीच्या भिंतीला एवढं बुडीत क्षेत्र येत नाही.” लेखक म्हणाले, “साहेब, कादंबरी आहे.” गृहस्थ सभागृहाकडे वळले. “म्हणजे खोटं लिहिलंय, हे कबूल आहे!” टाळ्या लेखकापेक्षा त्यांना जास्त पडल्या. चहाच्या वेळी लोक त्यांच्याभोवती जमले होते, लेखक बिचारे बशीतला बटाटेवडा संपवत एका कडेला उभे.

ललितेतर पुस्तकाला मात्र हा नियम बरोब्बर उलटा लावायचा. तिथे खरंखोटं विचारणं हा गावंढळपणा. तिथे म्हणायचं, “काय लिहिलंय! अगदी कादंबरीसारखं!” कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकार बाईंचं मुंबई विमानतळाशेजारच्या अण्णावाडी झोपडपट्टीवरचं पुस्तक २०१२ साली आलं. बाई तीन वर्षांहून अधिक काळ त्या वस्तीत जात होत्या. पोलीस, कोर्ट, इस्पितळं अशा ठिकाणची तीन हजारांवर कागदपत्रं त्यांनी तपासली. भंगार निवडणाऱ्या पोरापासून सगळ्यांची नावं खरी ठेवली, आणि हे सगळं पुस्तकाच्या शेवटी स्वच्छ लिहूनही टाकलं. ती शेवटची पानं तुम्ही वाचू नका. वाचलीत तर “हे यांना कसं कळलं?” असा प्रश्न पडेल, त्याचं उत्तरही मिळेल आणि मग दाद देणं अवघड होईल. त्यापेक्षा ‘कादंबरीसारखं’ बरं. तीन वर्षं चिखल तुडवून आलेल्या बाईला “छान रचलंय हो तुम्ही” म्हणण्यात जी मजा आहे, ती कौतुकाच्या दुसऱ्या कुठल्याही प्रकारात नाही.

याच जातीचं अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी यांचं खून प्रकरणावरचं पुस्तक ‘इन कोल्ड ब्लड’, १९६६चं. त्यातला शब्द न् शब्द खरा असल्याची ग्वाही स्वतः कपोटी देत फिरत. शेवटी तपास अधिकारी कबरस्तानात जातो, तिथे मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, वारा गव्हाच्या शेतातून वाहतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पुढे उघड झालं, की ती भेट झालीच नव्हती. तेव्हा संपूर्ण पुस्तकात तुम्हाला नेमकं तेच पान सर्वांत आवडलं असेल, तर तुमच्या रसिकतेबद्दल शंका नको. माझंही तेच.

अनिल अवचटांचं काय करायचं, हा जरा नाजूक मामला आहे. हमालांपाशी जाऊन बसायचं, तंबाखूच्या वखारीतल्या बायांना विचारायचं आणि त्या जे बोलतील ते साध्या वाक्यांत लिहायचं. कबरस्तान नाही, वारा नाही. अशा लेखनाला ‘रिपोर्ताज’ म्हणून मान तुकवावी आणि पुढे सरकावं. शब्द फ्रेंच आहे, काम भागतं.

तुम्ही म्हणाल, इतका गोंधळ आपल्याला कसा झेपणार? अहो, आपल्या रक्तातच आहे तो. बखरकारांनी पानिपतावरचे संवाद असे लिहिले, जणू तंबूत पडद्याआड बसून टिपून घेतले. मग इतिहाससंशोधक राजवाडे आले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढून त्यांनी अस्सल पत्रंच पुढ्यात ठेवली आणि प्रस्तावनेत बखरींची हजेरी घेतली. महाराष्ट्राने ते मनावर घेतलं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला सुरुवात केली. आज लग्नाच्या पंगतीत पानिपताचा विषय निघाला, तर कादंबरीतलं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवणारा बाजी मारतो. इतिहासकार शेजवलकर वाचून आलेला माणूस मठ्ठा पीत गप्प बसतो. त्याच्याशी सोयरीक करू नये.

नंदा खरे यांनी या सगळ्या व्यवहाराची फारच गैरसोय करून ठेवली. ‘अंताजीची बखर’ ही कादंबरी लिहिली आणि तिला बखरीचा वेश चढवला. ‘उद्या’ २०१४ साली लिहिली. त्यात माणसांच्या बारीकसारीक माहितीवर नजर ठेवणारी एक व्यवस्था आहे. तेव्हा ते भविष्य होतं. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला, तर तो नाकारला. कादंबरीबद्दल तुम्हाला इतकंच माहीत असू द्या. पुरस्कार का नाकारला यावर अर्धा तास बोलता येतं, आणि पुस्तकात काय आहे हे विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

एवढं करूनही पुस्तक कोणत्या प्रकारात बसतं ते कळेना, तर आमच्या वाचनालयात या. तिथल्या काकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. नवं पुस्तक आलं की मुखपृष्ठ बघायचं, आत शिक्का मारायचा, दाखल नंबर टाकायचा आणि नावावरून कपाट ठरवायचं. आत बघत बसायला वेळ कुणाला? नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी धर्माच्या कपाटात आहे, गीतेवरच्या प्रवचनांना टेकून. तिचा नायक खंडेराव मोहेंजोदडोला खणतोय की मोरगावात, हे तिथे कुणी विचारत नाही. श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ आरोग्यात. ‘उद्या’ स्पर्धा परीक्षांजवळ. रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ खऱ्या कुलवृत्तांतांच्या रांगेत ऐटीत उभा आहे. दोन पाटील येऊन आपली शाखा त्यात आहे का, ते चाळून गेले. एकाला सापडली म्हणे.

“आणि ही ‘अंताजीची बखर’ इतिहासात?” मी विचारलं.

“बखर आहे ना ताई?”

“काका, ती कादंबरी आहे.”

काकांनी चष्मा वर केला, मुखपृष्ठावर बोट ठेवलं. “लिहिणारे खरे आहेत.”

यावर मी काय बोलणार?

परवा ‘रिंगाण’ न्यायला गेले तर कादंबऱ्यांत नव्हती. अध्यात्मात मिळाली, पालखी सोहळ्याच्या दोन पुस्तकांच्या मधे. रिंगण म्हणजे वारीतलं, घोडा धावतो ते, असा काकांचा हिशेब. ‘ग’चा काना त्यांच्या लेखी छापखान्याची चूक. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के बघितले. बहुतेक ज्येष्ठ-आषाढातले, आणि नेलेलं पुस्तक दुसऱ्या नाही तर तिसऱ्या दिवशी परत. फक्त एकाने महिनाभर ठेवलं होतं. दंडाचे अकरा रुपये पेन्सिलीने लिहून खोडले होते.

“हे कोण?”

“माळकरी आहेत एक, खालच्या आळीतले. भांडायला आले होते. म्हणाले, सबंध वाचलं, विठोबा कुठेच नाही, नुसती म्हैस आहे.”

“मग?”

“मग काय, दंड भरला. जाताना विचारत होते, ह्याच माणसाचं आणखी काही आहे का म्हणून.”