फुंकलं की चालतंय

व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजवर फुंकू नये. हे वाक्य मी परवा सोलापुरात, मेकॅनिक चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तीन वेळा उच्चारलं. एकदा शुद्ध मराठीत, एकदा सोलापुरीत आणि एकदा हात जोडून. तरी फुंकलं गेलंच, आणि तेही तोंडात सुगंधी सुपारी धरलेल्या माणसाकडून.

मामला थोडक्यात असा. ओसाकाहून सुट्टीवर येताना बॅगेत निन्टेन्डोचा फॅमिकॉम होता. 1983 सालचा लाल-पांढरा जपानी डबा. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडायचे ते ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुतेक याच्याच नकला. जपानच्या भिंतीत 100 व्होल्ट, आपल्या भिंतीत 230. जपानी पिना चपट्या असतात, आपल्या गोल भोकांत शिरत नाहीत, ही खरं तर देवाचीच योजना. पण हल्ली घरोघरी कुठल्याही देशाची पिन गिळणारे एक्स्टेंशन बोर्ड आलेत. घरातल्या एका उत्साही हाताने पिन खोचली. अ‍ॅडॉप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरने दुपटीहून जास्त व्होल्टेज थोडा वेळ सोसलं आणि जळक्या वॉर्निशचा वास सोडून प्राण ठेवला. डब्याला वायर जोडलेली नव्हती, म्हणून तो वाचला.

नवा अ‍ॅडॉप्टर हवा तो तसा साधाच. मूळचा 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअरचा. डब्याच्या आत 7805 नावाचा रेग्युलेटर बसलेला असतो, तो येईल त्याचे 5 व्होल्ट करतो. म्हणून बाजारात मिळणारा 9 व्होल्ट, 1 अँपिअरचा बिनधास्त चालतो. 12 व्होल्ट दिले तर जास्तीचं सगळं त्या बिचाऱ्याला उष्णता करून फेकावं लागतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात कोणालाच जास्तीची उष्णता नको असते. खरी खोच पिनेत आहे. राउटरचा अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा सहज मिळतो, पण त्याच्या पिनेच्या आत प्लस आणि बाहेर मायनस. फॅमिकॉमला नेमकं उलटं लागतं. तसंच लावलं तर रेग्युलेटर आणि कपॅसिटर दोन्ही जायची भीती. म्हणून वायर मध्येच कापायची, तारांची अदलाबदल करून सोल्डर मारायचं, श्रिंक ट्यूब चढवायची. मग मल्टिमीटरचं लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर. आकड्याच्या आधी उणे आलं की काम बरोबर. मगच डब्याला लावायचं.

दुकानदाराला हे एका वाक्यात कळलं. त्याने मान हलवली आणि सोल्डरिंगची गन तापत ठेवली. बोलायचं काम त्याने बाकड्यावरच्या काकांवर सोपवलं होतं.

काका मिक्सरच्या भांड्याचा कपलर बदलायला आले होते. भांडं मांडीवर. त्यात शेंगाचटणी करतात म्हणे. (शेंगाचटणी उखळात कुटायची सोडून मिक्सरला लावणाऱ्या माणसाशी मी एरवी वाद घातला असता. परवा माझीच बाजू लंगडी होती.)

“काय हाय बे हे?”

“गेम आहे काका. जुना.”

“जपानला जाऊन जुना आणलास?” मग दुकानदाराकडे वळून, “आमच्या मेव्हण्याचं पोरगं दुबईवरनं हाताएवढा टीव्ही आणलंय. हाताएवढा म्हंजे, असं.” दोन्ही हात पसरले, मिक्सरचं भांडं घसरलं, मी पकडलं. या उपकाराने आमचं नातं जुळलं असं काकांनी ठरवलं. पगार किती. त्याचे इथले किती. एकटाच राहतोस का. सैपाक कोण करतं. लगीन कधी. एक वायर कापून जोडायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात माझं नाडीपरीक्षण झालं.

ओसाकात निप्पोनबाशी भागात डेनडेन टाउन आहे, जुन्या गेमच्या दुकानांची रांगच. तिथे प्रत्येक कार्ट्रिज पारदर्शक पिशवीत, वर दोष लिहिलेला: लेबल फाटलंय, मागे कुणा पोराने नाव घातलंय. ज्यांची खात्री नाही ती ‘जंक’च्या टोपलीत; चाललं तर तुमचं नशीब, परत घेणार नाही. तासभर टोपली उपसा, कोणी हटकत नाही. पहिले सहा महिने हे सुख वाटतं. मग एखाद्या रविवारी लक्षात येतं की अख्ख्या आठवड्यात आपल्याला ऑफिसबाहेर एकच प्रश्न विचारला गेला, तोही कोपऱ्यावरच्या दुकानात: जेवणाचा डबा गरम करून देऊ का?

असो. अ‍ॅडॉप्टर तयार झाला. दुकानात काचेचा जुना टीव्ही होता. मूळ फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरीतून चित्र देतो, तेही जपानच्या 1 आणि 2 नंबरच्या चॅनेलवर. त्या जागी आपल्याकडे एफएम रेडिओ वाजतो. म्हणून चित्रासाठी पिवळ्या पिनेची वायर बाहेर काढून घेतलेलाच डबा घ्यावा. पिन लावली, 1985 चा मारिओ खोचला, बटण दाबलं. पडदा करडा.

“फुंक की!”

“काका, फुंकू नये. थुंकीची वाफ पिनांवर बसते, हळूहळू गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्क्यांचं, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर घ्यायचं, पिनांच्या लांबीने पुसायचं, पाच मिनिटं वाळू द्यायचं…”

मोबाइल दुरुस्तीसाठी दुकानदाराकडे त्याची बाटली होतीच. ती शोधायला तो खाली वाकला आणि काकांनी डाव साधला. कार्ट्रिज उपसलं, छाती भरून घेतली. फूऽऽ. सुपारीचे दोन कण मला उडताना दिसले.

खोचलं. बटण. चाललं.

चाललं ते फुंकरीने नव्हे. उपसून परत खोचलं की पिना घासल्या जातात, जागा किंचित बदलते, संपर्क जमतो. नुसतं काढून घातलं असतं तरी चाललं असतं. पण हे कोणाला सांगता? पोळलेल्या बोटावर फुंकर, चुलीत फुंकर, ताकसुद्धा फुंकून पिणारी आपली माणसं. दुकानात शिरलेला चहावाला पोऱ्यासुद्धा काकांकडे आदराने बघू लागला.

“फुंकलं की चालतंय,” काका म्हणाले. “तिकडं शिकवीत नाईत व्हय?”

मग दुकानदाराच्या ड्रॉवरमधून एक पिवळं ‘9999 इन 1’ कार्ट्रिज निघालं. आपल्या नकली कार्ट्रिजला जपानीसारख्याच 60 पिना, अमेरिकेच्या डब्याला 72. त्यामुळे ते चपखल बसलं. त्यात खरे गेम मोजून थोडेच, बाकी तेच परत परत. काका भडकले. “किती पळायलंय बे हे! आमच्या पोराचं असं पळत नव्हतं.” बरोबर होतं त्यांचं. इथले बहुतेक डबे सेकंदाला 50 चित्रं दाखवायचे, जपानी 60 दाखवतो. आपल्या पिढीने पाहिलेला मारिओ सहाव्या हिश्शाने संथ होता, त्याचं गाणंसुद्धा. मी हे समजावलं. काकांनी त्याचा अर्थ जपानी माल बिघडलेला आहे असा घेतला.

फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर डब्याला कायमचे जोडलेले असतात, नको असला तरी दुसरा काढता येत नाही. त्याला स्टार्टचं बटणही नाही. माझा दुसरा दोन वर्षं खोबणीतच पडून होता. तो काकांनी उचलला.

“ह्याला स्टार्ट का नाई?”

“त्याला माइक आहे काका,” मी बोलून गेलो, आणि तिथेच चुकलो. त्या माइकचा आवाज थेट टीव्हीतून येतो. बाजूला छोटी सरकपट्टी असते. काकांनी ती तळापासून टोकापर्यंत नेली.

“हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. मिक्सरचं भांडं झालं का? हॅलो.”