मुलीचा बाप नसल्याबद्दल

मोटारसायकल पंक्चर नव्हती. मी स्वतः अंगठ्याने दाबून दोन्ही चाकं बघितली, टणक होती. थोड्याच वेळापूर्वी "आमचा नातू सोडतो ना फाट्यावर, काळजीच सोडा" असं मला ऐकवण्यात आलं होतं. तरी जुलैच्या पावसात, छत्री उलटी होत असताना, मी फाट्यापर्यंत तंगडतोड करत आलो. कारण काय, तर मला मुलगी नाही.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या अंगाखांद्यावर जी गावं आहेत त्यांतल्या एका गावी भाताची आवणी बघायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची स्थळं यायची थांबायला नकोत. दुपारची एसटी मला उतरवून लगोलग मागे फिरली. पुढची मुक्कामी. म्हणजे ती संध्याकाळी येणार, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणार आणि गाडी सकाळी हलणार. हे वेळापत्रक आखणाऱ्याला एकदा तिथे भरदुपारी नेऊन सोडलं पाहिजे.

मारुतीच्या पारावर एक बाबा बसले होते.

"कुनाकडं आलात?"

"कुणाकडे नाही. असाच."

"असाच?" बाबांनी मला बुटापासून टोपीपर्यंत वाचून काढलं. "तलाठी?"

"नाही."

"इम्यावालं?"

"नाही."

"जिमीन घ्यायला?"

"नाही हो बाबा. नुसतं गाव बघायचंय. शेती कशी आहे, पाणी कसं आहे..."

बाबा ताडकन उठले. "मंग आदी बोलायचं ना, पाव्हणं!"

आणि माझा हात धरून त्यांनी मला घरी नेलं. वाटेत आवणी चालली होती. प्लॅस्टिकच्या खोळी पांघरलेल्या बायका गुडघाभर चिखलात ओळीने मागे सरकत रोपं खोचत होत्या. मी थांबलो. बाबा थांबले नाहीत. "ते रोजचंच हाय. ह्या बांधापासून त्या उंबरापोतर आपलं. समदं इंद्रायनी." पुढे म्हैस. तिच्या कासेचं कौतुक मला दोनदा करावं लागलं, कारण पहिलं त्यांना मनापासूनचं वाटलं नाही. मग विहीर, मग मोटर, मग कणगी, झाकण काढून.

आणि मग संडास. बाबांनी दार असं उघडलं जसा मंदिराचा गाभारा. "फरशी बघा. कंपनीची हाय." मी फरशी बघितली. "आत जाऊन बघा." आत गेलो. "नळ सोडा." सोडला. "पानी येतंय का नाय?" येत होतं. बारा महिने येतं, असंही सांगितलं. मी मान डोलावली. परक्या माणसाच्या संडासात उभं राहून, चेहऱ्यावर नेमका कोणता भाव ठेवावा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बाहेर येतो तर नातू शेतातून आलेला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पण केसांना पाणी लावून भांग पाडलेला. पंचविशी ओलांडलेला, लाजरा पोरगा, माझ्या पायाच पडला. चहा आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा आला. "कोरा हाय. सोसायटीचा एक रुपाया न्हाई." आत बांगड्या वाजत होत्या, फटीतून दोन-तीन डोळे मला बघत होते. मी खरंच प्रभावित झालो होतो. प्रवाशाला सातबारा दाखवण्याइतकं आतिथ्य म्हणजे काय!

"पोरगी किती शिकल्याली?" बाबांनी हळूच विचारलं.

"कुणाची?"

"तुमची."

"मला मुलगी नाही. एक मुलगा आहे."

आतून निघालेला दुसरा कप उंबऱ्यावरून मागे फिरला. सातबाऱ्याची घडी झाली. नातवाने मोटारसायकलकडे बघून "चाकात हवा न्हाय" असं जाहीर केलं आणि तो चिखलात परत गेला.

राग आला, अजूनही आहे. पण राग धरावा कुणावर? 2022च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाची पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, मुलगी मिळेना म्हणून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा आपण सगळे हसलो. हा नातू 2001च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्यांत मोजला गेला असेल. तेव्हा राज्यात त्या वयाच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011त 894. धाकट्यांची तर आणखी पंचाईत. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा 1994चा, आणि आकडे हे असे. ज्या आहेत त्यांच्या बापांना मुलगा पुण्यात नोकरीला हवा, शेतात राबणारा नको, पण नावावर शेती मात्र हवी. भात सगळ्यांनाच आवडतो म्हणा.

मी बूट घालत असताना बाबांनी उपचार म्हणून विचारलं, "पोरगा काय करतो?"

"पुण्यात. कंपनीत."

"लगीन?"

"बघतोय. जमत नाही."

"जिमीन किती?"

"नाही."

"घर?"

"भाड्याचं."

बाबांनी माझ्याकडे प्रथमच आपुलकीने बघितलं. कोरा सातबारा छातीशी धरून म्हणाले, "मंग तुमचं अवघड हाय, पाव्हणं. आसं करा, तुमाला कुनी पोरगीवाला भेटला तर त्याला हिकडं धाडा. तुमच्याकडं ठिवून काय करनार?"